सावडीतला रविवार

रोज सकाळी अकराच्या सुमारास शाळेच्या मोठ्या बाई पाटीवर एक आकडा लिहितात आणि ती पाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून जातात. त्या दिवशी किती मुलं हजर आहेत, तो हा आकडा. सरुबाईंना अक्षरं अडखळत वाचता येतात, आकडे मात्र पक्के येतात. पाटी पाहायची, मनाशी माप ठरवायचं आणि तेवढे तांदूळ-डाळ धुवायला घ्यायचे, हे त्या अकरा वर्षं करत आल्या आहेत. खिचडी कधी वाया गेली नाही आणि कुणाला कमीही पडली नाही. ही गोष्ट सरुबाई स्वतः सांगत नाहीत, मोठ्या बाई सांगतात.

शाळा वाघोलीच्या पुढे, नगर रस्ता सोडून दोन किलोमीटर आत आहे. गाव महापालिकेत गेलं त्याला काही वर्षं झाली. कागदावर पुणे शहर, प्रत्यक्षात नळाला एक दिवसाआड पाणी. सरुबाईंची चार एकर जमीन होती, तिथे आता चौदा मजल्यांचे तीन टॉवर उभे आहेत. आलेल्या पैशांतून घर बांधलं, घरामागे भाड्यानं द्यायला आठ खोल्यांची चाळ काढली, आणि मुलानं, राकेशनं, पाण्याचे दोन टँकर घेतले. आता आईनं शाळेतली पातेली घासावीत हे राकेशला पटत नाही.

"टॉवरमधली माणसं विचारतात, तुमच्या मदर कुठे सर्व्हिसला आहेत," तो एकदा जेवताना म्हणाला. "मी काय सांगू? खिचडी डिपार्टमेंट?"

"सांग की. तुझ्या टँकरापेक्षा वेळेवर असतंय," सरुबाई म्हणाल्या.

सून तनुजा तोंडाला पदर लावून आत गेली. तो विषय तेवढ्यावरच संपला.

सरुबाई शाळेत टिकून आहेत त्याला कारण आहे, पण ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. त्या स्वतः तिसरीत असताना शाळेतून उठल्या. कुणी मुद्दाम उठवलं नव्हतं. धाकटा भाऊ कडेवर असायचा, म्हणून गुरुजींनी त्यांना दारात बसायची परवानगी दिली होती. भाऊ रडला की त्या उठून बाहेर जायच्या, गप्प झाला की परत यायच्या. एके दिवशी तो फार वेळ रडला आणि त्या परत आल्या नाहीत, एवढंच. तेव्हापासून एक गोष्ट त्यांना नजरेनं कळते. जी मुलगी रोज लेकरू कडेवर घेते, ती मोकळी उभी राहिली तरी एका बाजूला झुकलेली असते.

गेल्या जुलैमध्ये खिचडीच्या रांगेत एक मुलगी तशी उभी होती. तिचं नाव अपेक्षा, इयत्ता सातवी. आदल्या वर्षी परभणीकडच्या एका खेड्यातून आईवडिलांबरोबर आलेली, आणि राहायला सरुबाईंच्याच चाळीत, शेवटच्या खोलीत. वडील मच्छिंद्र फरशी बसवण्याचं काम करत. काम हिंजवडीला असलं की ते साईटवरच राहत आणि शनिवारी रात्री घरी येत. आई आम्रपाली टॉवरमधल्या पाच घरांचा स्वयंपाक करी. सकाळी सातला जायची, चारला परतायची, रविवारी मात्र अकरापर्यंत मोकळी व्हायची. सव्वा वर्षाचा भाऊ होता, सम्यक. त्याला शेजारच्या खोलीतली एक म्हातारी सांभाळायची. म्हातारी मुलाकडे विश्रांतवाडीला राहायला गेली आणि सम्यक अपेक्षाच्या कडेवर आला.

आधी ती आठवड्यातून एक दिवस गैरहजर राहू लागली. मग दोन दिवस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती आलीच नाही. पाटीवरचा आकडा एकानं कमी झाला की कोण नाही हे सरुबाईंना विचारावं लागत नसे. शुक्रवारी त्या डब्यात थोडी खिचडी घेऊन चाळीकडे गेल्या. अपेक्षा दारात बसून सम्यकला बिस्कीट भिजवून भरवत होती. मांडीजवळ भूगोलाचं पुस्तक उपडं पडलं होतं. सरुबाईंनी विचारलं, तेव्हा तिनं सरळ उत्तर दिलं. आईनं काम सोडलं तर भागत नाही आणि सव्वा वर्षाच्या बाळाला अंगणवाडीत घेत नाहीत.

सरुबाई घरी आल्या त्या विचार करतच. पाळणाघर टॉवरमध्ये होतं, पण ते टॉवरवाल्यांसाठी. मग त्यांना जमीन होती तेव्हाची सावड आठवली. ज्वारीच्या काढणीला चार घरांच्या बायका आज एकीच्या रानात जायच्या, उद्या दुसरीच्या. मजुरी कुणी द्यायची नाही. आज तू माझ्याकडे आलीस, तर माझा एक वार तुझ्याकडे द्यायचा राहिला, असा तो व्यवहार. रानं गेली आणि सावडही गेली. काढायला ज्वारीच नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोघींना बोलावलं. सोनाली घरी शिवणकाम करायची आणि तिला तीन वर्षांचा मुलगा होता. अस्तर, लेस आणायला तिला महिन्यातून दोनदा रविवार पेठेत जावं लागे आणि त्या दिवशी मुलाचं काय करायचं हा प्रश्न असे. शर्मिलाचा नवरा रिक्षा चालवायचा आणि ती रविवारच्या बाजारात भाजीला बसायची. तिची दोन लहान मुलं दिवसभर पोत्यांवर लोळत. सरुबाईंनी सांगितलं, पोरांची सावड करू. सोमवार-मंगळवार सोनालीकडे, बुधवार-गुरुवार शर्मिलाकडे, शुक्रवार तनुजाकडे. शनिवारी शाळा सकाळची, सरुबाईंचा सकाळचा वेळ शाळेतच जाई, म्हणून शनिवारही तनुजाच्याच गळ्यात पडला. सम्यक ज्या दिवशी जिच्याकडे, तिनं त्याला चार वाजेपर्यंत बघायचं. सोनालीच्या आणि शर्मिलाच्या नडीला दुसऱ्यांनी धावायचं.

"आणि खिचडी डिपार्टमेंटचा वार कुठला?" तनुजानं विचारलं.

"मी शाळंतलं उरकलं की दीड-दोनपासून हाय की. रोज. कुणाला काय लागलं तर."

यादी लिहायचं काम अपेक्षाकडे आलं. शाळेच्या स्वयंपाकघरात गॅस एजन्सीचं एक मोठं कॅलेंडर होतं. सोमवारी छोट्या सुट्टीत अपेक्षा निळं स्केचपेन घेऊन आली आणि प्रत्येक वाराखाली नाव लिहीत गेली. अक्षर चांगलं होतं. शनिवारपर्यंत आल्यावर ती थांबली.

"आजी, आईचं नाव कुठल्या वाराला लिहू?"

सरुबाई फोडणी देत होत्या. "तुझ्या आईचं राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तिला कुठं येळ असतोय."

अपेक्षानं स्केचपेनला टोपण लावलं. रविवारचा रकाना कोरा राहिला.

सावड तीन आठवडे नीट चालली. सम्यक सोनालीच्या मशिनखाली बसून चिंध्या गोळा करायला शिकला. शर्मिला म्हणायची, माझ्या दोघांपेक्षा हाच शहाणा आहे, हा निदान भांडत तरी नाही. अपेक्षा रोज शाळेत येत होती, चाचणीत गणितात वर्गात दुसरी आली. मोठ्या बाईंनी एकदा सरुबाईंना थांबवून सांगितलं, की आम्ही सरकारी योजनांचे फॉर्म भरत बसलो आणि तुम्ही कॅलेंडरवर काम उरकलंत. सरुबाईंना बरं वाटलं.

मग एका सोमवारी अपेक्षा आली नाही. बाळाला ताप आहे, असा निरोप आला. मंगळवारी तोच निरोप. बुधवारी शर्मिला म्हणाली, की ताप कसला, मी काल सम्यकला अंगणात खेळताना पाहिलं. गुरुवारी मोठ्या बाईंनी पाटी खिडकीत ठेवली आणि त्या नेहमीसारख्या गेल्या नाहीत.

"अपेक्षाची आई काल संध्याकाळी आली होती," त्या म्हणाल्या. "शाळा सोडल्याचा दाखला मागितलाय. मुलीला आणि बाळाला गावी आजीकडे ठेवणार म्हणते. तिथल्या शाळेत नाव घालणार."

"घालंल की मग."

"सरुबाई, तीस वर्षं मी दाखल्यांवर सह्या करतेय. असा दाखला ट्रंकेत जातो आणि मुलगी रानात. सातवीची मुलगी, कडेवर बाळ, तिथली शाळा चार किलोमीटरवर. तुम्हीच सांगा."

सरुबाईंनी पाटी उचलून बाजूला ठेवली. त्यांनी विचारलं, दाखला कधी देणार.

"अर्ज आला की द्यावा लागतो. मला अडवता येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. मग चष्मा पुसत पुढे म्हणाल्या, "पण आज माझं पेन सापडत नाहीये. सोमवारपर्यंत सापडेल."

त्या दिवशी सरुबाईंनी पातेली घासली आणि घरी न जाता कॅलेंडरसमोर स्टुलावर बसल्या. काय बिघडलं हे त्यांना कळत नव्हतं. सम्यकला कुठे लागलं नव्हतं. कुणी बोललं नव्हतं. सोनाली आणि शर्मिला दोघींनाही त्यांनी विचारून घेतलं. खोलीचं भाडं राकेशनं वाढवलं नव्हतं. चारनंतर त्या चाळीच्या शेवटच्या खोलीपाशी गेल्या.

आम्रपालीनं त्यांना आत घेतलं, चटई टाकली, पाणी दिलं. खोली नीटनेटकी होती. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली अपेक्षाच्या वह्या रचून ठेवलेल्या. पंखा नव्हता. खोली आपलीच असून पंखा नाही हे सरुबाईंच्या तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत आलं. अपेक्षा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती आणि वर बघत नव्हती.

सरुबाईंनी सरळ विचारलं, की सावडीत काय कमी पडलं.

आम्रपाली समोर चटईवर बसली. मग तिनं सांगितलं, ते शांतपणे सांगितलं. तिच्या गावीही सावड असते. तिच्या आईनं, आजीनं सावडीनं सोयाबीन काढलं आहे. सावडीत कुणी मोठं नसतं, कुणी लहान नसतं, कारण प्रत्येकीचा वार असतो. अपेक्षानं घरी येऊन सांगितलं होतं, की आजी म्हणाल्या तुझ्या आईचं राहू दे. तरीही तिनं तीन आठवडे वाट पाहिली, की कुणीतरी म्हणेल, आम्रपाली, आज माझं पोरगं बघ. तिला रविवारी अकरानंतर वेळ होता. शर्मिलाची मुलं रविवारी बाजारात पोत्यांवर झोपत होती, हे ती येता-जाता पाहत होती. कुणी विचारलं नाही.

"वार नसला तर माणूस सावडीत नसतंय, मावशी," ती म्हणाली. "ते मग धर्मादाय हाय. लेकरू धर्मादायावर वाढवायचं, तर ते माझ्या आईकडं वाढलेलं बरं."

सरुबाई म्हणाल्या, की तुला वेळ नसतो म्हणून म्हटलं होतं.

"येळंचं हाय का?" आम्रपालीनं विचारलं. "का आमच्या खोलीत तुमची पोरं बसवायची नव्हती?"

सरुबाई लगेच नाही म्हणणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण त्यांना यादी करतानाची ती वेळ आठवली. फोडणी करता करता हात क्षणभर थांबला होता, आणि शर्मिलाची सासू काय म्हणेल, हे मनात येऊन गेलं होतं. मग त्यांनी वेळेचं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं, पण एकटंही नव्हतं.

"आलं आसंल मनात," त्या म्हणाल्या. "न्हाई कशाला म्हणू."

आम्रपालीनं मान हलवली. तिला राग आलेला दिसला नाही. आपल्याला वाटत होतं ते बरोबरच निघालं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

सरुबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. माफी मागावी का, असं त्यांच्या मनात आलं. पण मालकिणीनं भाडेकरणीची माफी मागायची, तिनं असू द्या म्हणायचं आणि पुन्हा मालकीणच देणारी आणि भाडेकरीणच घेणारी, हेही त्यांना दिसलं. त्यांनी दुसरंच काढलं.

"ह्या रविवारी हडपसरला माझ्या भाचीचा साखरपुडा हाय. मला आन् तनुजाला दोघींनाबी जायचंय. तनुजाचा रोहन तिथं नुसता वैताग देतो. त्याला ठिवशील का? अकरा ते सहा."

"जेवणाचं काय?"

"तू जे करशील ते. तिखट खात न्हाई, तेवढं बघ."

"रविवारी बघू," आम्रपाली म्हणाली. हो म्हणाली नाही. अपेक्षानं पहिल्यांदा ताटातून मान वर केली.

घरी तनुजाला हे पटलं नाही. रोहन पाच वर्षांचा, आजवर कुणाकडे दिवसभर राहिलेला नाही. साखरपुड्यात सगळे त्याच्याबद्दल विचारतील. शेवटी ती म्हणाली, त्या खोलीत पंखासुद्धा नाही.

"खोली आपलीच हाय," सरुबाई म्हणाल्या. "पंखा न्हाई हे भाडं घेताना दिसलं न्हाई व्हय कुणाला?"

राकेश जेवताना हे ऐकत होता. तो म्हणाला, की उद्याच इलेक्ट्रिशियनला पाठवतो, हाफ डेचं काम आहे. सरुबाईंनी त्याला थांबवलं.

"आत्ता न्हाई. आत्ता लावलास तर ती म्हणंल, पोरगं ठिवायचं म्हणून लावला. पुढल्या महिन्यात लाव. आन् आठीच्या आठी खोल्यांत लाव."

"आई, आठ पंखे म्हणजे..."

"टँकराला दोन हॉर्न लावलेस तवा विचारलंवतंस का मला?"

राकेशनं भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय बदलला.

शर्मिलाकडे सरुबाई स्वतः गेल्या. शर्मिलानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की माझी दोन्ही तिकडे राहिली तर माझा बाजार सुखाचा होईल, सासूबाईंचं मी बघते. तिनं सासूबाईंचं कसं बघितलं हे सरुबाईंना कळलं नाही. पण रविवारी अकराला ती दोन मुलांना हाताला धरून चाळीपाशी आली, तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून होत्या आणि पलीकडे बघत होत्या.

रोहन दारात अडला. आम्रपाली टॉवरमधून नुकतीच आली होती, कपाळावर घाम होता. ती त्याला आत ये म्हणाली नाही. तिनं सम्यकला खाली ठेवलं आणि एक रिकामा डबा त्याच्यापुढे सरकवला. सम्यक डबा वाजवू लागला. रोहनला तो वाजवायची पद्धत चुकीची वाटली असावी, कारण तो चपला न काढताच आत गेला.

हडपसरला सरुबाईंचं लक्ष लागलं नाही. जेवणाची पंगत लांबली, परतीची बस भरलेली आली, शेवटी रिक्षा करावी लागली. चाळीत पोचायला सव्वासात झाले. सहाचं बोलून सव्वासात, म्हणजे सावडीत सरळ सरळ चूक. तनुजा पुढे धावली. शर्मिलाची दोघं आपल्या घरी गेली होती. रोहन सम्यकशेजारी झोपला होता, तोंडाला पिठलं वाळलेलं. अपेक्षा दिव्याखाली गणितं सोडवत होती.

"उशीर झाला," सरुबाई म्हणाल्या.

"सव्वा तास," आम्रपाली म्हणाली. "सावडीत अर्ध्या वारापेक्षा कमी धरत न्हाईत. माझा अर्धा वार तुमच्यावर राहिला."

सरुबाईंनी मान्य केलं. कधी हवा ते सांग, म्हणाल्या. आम्रपालीनं तिथेच ठरवलं. गणपतीत टॉवरमधल्या एका घरी पाहुणे येणार होते, तिला एक दिवस संध्याकाळीही जावं लागणार होतं. त्या दिवशी सम्यकला सरुबाईंनी ठेवायचं. तनुजानं रोहनला खांद्यावर घेतलं आणि जाता जाता विचारलं, की यानं पिठलं खाल्लं कसं, घरी तर ताट सरकवतो. आम्रपाली म्हणाली, दोन वेळा मागितलं. तनुजाला ते फारसं आवडलं नाही.

दाखल्याचं कुणी काढलं नाही. सरुबाईंनी विचारलं नाही आणि आम्रपालीनं सांगितलं नाही. रात्री सरुबाईंना वाटलं, की विचारायला हवं होतं. मग वाटलं, की विचारलं असतं तर आपण रोहनला त्यासाठीच ठेवलं असं झालं असतं. तसं ते थोडं होतंही.

सोमवारी अकरा वाजता मोठ्या बाईंनी पाटी खिडकीत ठेवली. एकशे अठरा. सरुबाईंनी तो आकडा दोनदा वाचला. शनिवारी एकशे सतरा होता. पण एक मूल कुणीही असू शकतं, पावसानं अडलेली मुलंही सोमवारी येतात. बाईंना विचारायला त्या खिडकीपाशी गेल्या, तोवर बाई व्हरांड्याच्या टोकाला पोचल्या होत्या. सरुबाईंनी तांदळात माप घातलं, डाळ घातली, आणि सवयीनं धुवायला घेतली.

थोड्या वेळानं दारात अपेक्षा उभी राहिली. हातात निळं स्केचपेन होतं. तिनं सांगितलं, की आई सकाळी कामावर जाताना मोठ्या बाईंच्या घरी जाऊन आली, अर्ज परत घेतला. मोठ्या बाई म्हणाल्या, बरं झालं, माझं पेन आत्ताच सापडलं होतं. हे सांगताना अपेक्षाला हसू आलं आणि तिनं ते दाबलं.

सरुबाईंनी ओल्या हातानं कॅलेंडरकडे बोट केलं.

अपेक्षानं स्टूल ओढलं. रविवारच्या रकान्यात तिनं आईचं नाव लिहिलं, बाकीच्या नावांपेक्षा मोठंही नाही आणि लहानही नाही. मग थोडा विचार करून गणपतीतल्या एका तारखेवर अर्धी फुली मारली आणि बाजूला लिहिलं, सरुआजी.

"हे काय?" सरुबाईंनी विचारलं.

"तुमचा अर्धा वार. आई म्हणाली, लिहून ठेव, विसरतील."

"म्या न्हाई इसरत," सरुबाई म्हणाल्या. "जा आता वर्गात. खिचडीला अजून तास हाय."